काच किती वाकणार? डिफ्लेक्शन धरून इमारतीतल्या काचेची जाडी कशी ठरवायची

खिडकीला काच किती जाड लावायची, असं विचारलं की बऱ्याच साइटवर एकच उत्तर मिळतं: "सहा मिमी टफन टाका, काही होत नाही." फुटण्यापुरतं बोलायचं तर ते अनेकदा बरोबरही असतं. पण पावसाळी वाऱ्यात तीच काच पोट काढते, आत जाते, पुन्हा बाहेर येते. प्रत्येक झोताबरोबर तिच्या कडा गॅस्केटमध्ये, म्हणजे चौकटीतल्या रबरी पट्टीत, किंचित फिरतात. काही पावसाळ्यांनी सिलिकॉनचा सांधा सुटतो, पाणी आत येतं, दुहेरी काचेच्या पोकळीत बाष्प धरतं. काच शाबूत, खिडकी मात्र कामातून गेलेली.

म्हणून हिशेबाच्या पहिल्याच ओळीत एक गोष्ट पक्की करून घ्या. टफन केल्याने, म्हणजे तापवून झटकन थंड केल्याने, काचेची ताकद कैक पटींनी वाढते, पण ताठपणा तिळभरही वाढत नाही. साधी, हीट-स्ट्रेंदन केलेली किंवा टफन, तिन्ही काचांचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचं माप, सुमारे ७० गिगापास्कलच असतो. तेवढ्याच जाडीची टफन काच साध्या काचेइतकीच वाकते. टफन घेतली म्हणून जाडी कमी केली तर डिफ्लेक्शन, म्हणजे भाराखालचं वाकणं, वाढतं, आणि तेही जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात.

खालचा सगळा हिशेब मुंबईतल्या एका खिडकीवर करून दाखवतो: फिक्स काच, १२०० × १८०० मिमी, जमिनीपासून ५० मीटर उंचीवर, समोर फारसा अडथळा नाही.

पायरी १: आधी वारा

आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाच्या २०१५ सालच्या आवृत्तीत मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रतिसेकंद आहे, पुण्याचा ३९. भूभागाची श्रेणी २ आणि उंची ५० मीटर धरली तर उंचीचा गुणक १.१७ येतो. बाकीचे गुणक १ धरले तर वेग ५१.५ मीटर प्रतिसेकंद होतो. वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: साधारण १५९० पास्कल, म्हणजे १.६ किलोपास्कल. अगदी समुद्राला तोंड करून उभ्या इमारतीला श्रेणी १ लावावी लागते. तिथे हाच गुणक १.२० होतो आणि दाब १.६७ किलोपास्कलवर जातो.

हा दाब जसाच्या तसा काचेवर येत नाही. इमारतीच्या बाहेरच्या आणि आतल्या दाबाचे गुणक एकत्र करावे लागतात. भिंतीच्या मध्यभागी बाहेरून +०.८ आणि आतून ०.२ ची साथ धरली तर बेरीज १.०. इमारतीच्या कोपऱ्यावर मात्र वारा काचेला बाहेर ओढतो. तिथे स्थानिक गुणक −१.२ धरला तर बेरीज १.४ होते, म्हणजे २.२ किलोपास्कल. एकाच मजल्यावर, एकाच मापाच्या दोन खिडक्यांवर इतका वेगळा भार येतो, आणि तरी ऑर्डर देताना सगळ्या काचा एकाच जाडीच्या लिहिल्या जातात. माझा आग्रह असा की कोपऱ्यातल्या काचांचा हिशेब आधी करावा आणि मग बाकीच्यांचा.

कोडमध्ये भार कमी करणारे काही गुणकही आहेत. दोन चौरस मीटरच्या काचेसाठी ते मी वापरत नाही. त्यातून वाचणारी जाडी नगण्य असते. उलट वादळात घरातली एखादी खिडकी उघडी राहिली तर आतला गुणक ०.२ वरून ०.५ वर जाऊ शकतो.

पायरी २: काचेला किती बाजूंनी आधार आहे?

बहुतेक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

चारही बाजूंनी आधार असलेल्या काचेचं मधोमध डिफ्लेक्शन असं काढतात: गुणांक × दाब × आखूड बाजूचा चौथा घात, भागिले यंग्ज मॉड्युलस × जाडीचा घन. गुणांक लांबी-रुंदीच्या प्रमाणावर ठरतो. चौरस काचेला तो ०.०४६, दीडपट लांब काचेला ०.०८८, दुप्पट लांब काचेला ०.११६, आणि काच कितीही लांब झाली तरी ०.१४९ च्या पुढे जात नाही. सूत्रात आखूड बाजू आहे, हे विसरू नका. खिडकीची उंची वाढवली तर फार फरक पडत नाही, पण रुंदी १२०० ची १५०० केली तर एवढ्यानेच चौथ्या घातामुळे आकडा जवळजवळ अडीचपट होतो. गुणांक थोडा उतरतो, तरी वाढ भरपूर राहते.

दोनच समोरासमोरच्या बाजूंनी आधार असेल तर काच तुळईसारखी वागते आणि गुणांक ०.१५६ होतो. आपल्या खिडकीत १२०० चा गाळा, म्हणजे आधारांमधलं अंतर, दोनच कडांवर टाकला, तर ६ मिमी काचेचं डिफ्लेक्शन ४३ मिमी येतं. एवढं पोट काढलेली काच कडांकडून एकूण सुमारे ४ मिमी आत ओढली जाते. गॅस्केटमध्ये धरलेली कड जेमतेम १० मिमी असेल, ती एका बाजूला सरकून बसलेली असेल, तर काच चौकटीतून निसटायला फार काही लागत नाही.

आता खरा प्रश्न: कागदावर जिथे आधार दाखवला आहे, तिथे तो प्रत्यक्षात आहे का? स्लायडरमध्ये दोन पल्ले जिथे एकमेकांना भेटतात तिथला उभा सेक्शन बारीक असतो. काच त्याला टेकलेली असली तरी तो सेक्शन स्वतःच वाकतो. अशी काच चार बाजूंनी धरलेली मानणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. सिलिकॉनने एकमेकींना जोडलेल्या बिनचौकटीच्या काचांचंही तसंच. तो सांधा पाणी अडवतो, काचेला आधार देत नाही.

पायरी ३: जाडी खरी किती?

६ मिमीची काच म्हणजे बरोबर ६ मिमी, असं धरून चालत नाही. अमेरिकेचं एएसटीएम ई १३०० हे मानक ६ मिमीसाठी ५.५६ मिमी आणि ८ मिमीसाठी ७.४२ मिमी एवढी किमान जाडी धरतं. आपल्या खिडकीत ६.०० घातले तर साध्या सूत्राने डिफ्लेक्शन १९ मिमी येतं, ५.५६ घातले तर २४ मिमी. अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरकाने उत्तर सव्वापट झालं. हिशेब कायम किमान जाडीवर करा.

पायरी ४: साध्या सूत्राची मर्यादा

साधं सूत्र काचेला पातळ पण सपाट पाटी समजतं. डिफ्लेक्शन जाडीच्या अर्ध्यापेक्षा बरंच वाढलं की हे गृहीतक टिकत नाही. चार जणांनी कडा धरलेल्या चादरीसारखी काच ताणली जाते आणि हा ताण स्वतःच भार उचलू लागतो. म्हणून चार बाजूंनी धरलेली पातळ काच साध्या सूत्रापेक्षा कमी वाकते.

एएसटीएम ई १३०० मधल्या पद्धतीने आपल्या ६ मिमी काचेचं डिफ्लेक्शन १.६ किलोपास्कलला सुमारे १४ मिमी येतं, २४ नव्हे. कोपऱ्यातल्या २.२ किलोपास्कलला सुमारे १७ मिमी. भार ३७ टक्क्यांनी वाढला, डिफ्लेक्शन फक्त २० टक्क्यांनी. ८ मिमी काचेला १.६ किलोपास्कलवर साध्या सूत्राने १०.२ मिमी येतं आणि ई १३०० च्या पद्धतीने ८.५. जाड काचेत दोन उत्तरं जवळ येतात, कारण ती ताणली जाण्याइतकी वाकतच नाही.

साध्या सूत्राचं उत्तर घेतलं तर बिघडतं काय? डिफ्लेक्शनच्या दृष्टीने सुरक्षित बाजूलाच राहता, फक्त काच विनाकारण जाड घेता. एकदोन खिडक्यांच्या बंगल्याला साधं सूत्र खुशाल वापरा. चाळीस मजल्यांच्या इमारतीत त्याची किंमत मोठी असते, तिथे हा ताण धरणारा अरेषीय हिशेबच करून घ्या. दोन बाजूंच्या किंवा खालून एकाच कडेवर धरलेल्या काचेला मात्र हा ताणाचा फायदा अजिबात मिळत नाही, हे लक्षात ठेवा.

पायरी ५: किती वाकलेलं चालेल?

काचेसाठी आखूड बाजूचा साठावा भाग ही मर्यादा सल्लागार बऱ्याचदा वापरतात. आपल्या खिडकीला ती २० मिमी होते. ६ मिमी काच भिंतीच्या मध्यभागी १४ आणि इमारतीच्या कोपऱ्यावर १७ मिमी वाकते, म्हणजे दोन्हीकडे बसते. मग ८ मिमी कशाला? बैठकीच्या खोलीत काचेशेजारी लोक बसतात. पावसाळी रात्री मधोमध दीड सेंटिमीटर आतबाहेर होणारी काच डोळ्यांना दिसते, तिच्यातली प्रतिबिंबं हलतात. ती फुटणार नाही हे माहीत असूनही माणूस तिच्यापासून लांब सरकतो. रोज राहायच्या घरात, मोठ्या काचेला आणि वरच्या मजल्यावर मी एक पायरी वर जायला सांगतो. जिन्याच्या किंवा बाथरूमच्या खिडकीला गरज नाही.

ताकदीची तपासणी वेगळी करायचीच. डिफ्लेक्शन बसलं म्हणजे ताण बसला, असं होत नाही.

पायरी ६: चौकट

काचेच्या कडेला आधार देणारा सेक्शन डिझाइन भाराखाली गाळ्याच्या १७५ व्या भागापेक्षा जास्त वाकू नये, हा जुना आणि उपयोगी नियम आहे. ३ मीटर उंच मुलियनला, म्हणजे काचांमधल्या उभ्या सेक्शनला, ही मर्यादा १७ मिमी होते. १.२ मीटर रुंदीचा भार आणि १.६ किलोपास्कल धरला, तर अ‍ॅल्युमिनियमच्या सेक्शनचा इनर्शिया (आकारामुळे येणारा वाकण्याचा विरोध) सुमारे १७० सेंटिमीटर चतुर्थ घात लागतो. फॅब्रिकेटरकडून सेक्शनचा कॅटलॉग मागा आणि हा आकडा स्वतः बघा. अ‍ॅल्युमिनियमचा यंग्ज मॉड्युलसही काचेइतकाच, सुमारे ७० गिगापास्कल असतो. स्टीलचा तिप्पट. म्हणूनच उंच लॉबीत अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळीत स्टीलचा पाइप घालतात.

स्ट्रक्चरल ग्लेझिंगमध्ये काच फक्त सिलिकॉनने धरलेली असते. तिथे सिलिकॉनची किमान रुंदी काढायला सोपं सूत्र आहे: आखूड बाजूचा निम्मा भाग × दाब, भागिले १३८ किलोपास्कल. आपल्या काचेला ७ मिमी येतात, कोपऱ्यातल्या काचेला साडेनऊ. जाड्या-पातळ्या फटीत जागेवर भरलेलं सिलिकॉन हा हिशेब पाळत नाही.

पायरी ७: लॅमिनेटेड काच, आणि बाल्कनीचं रेलिंग

दोन ६ मिमी काचांमध्ये १.५२ मिमीचा पीव्हीबी या प्लास्टिकचा थर. ही काच किती मिमीची धरायची? याचं एक ठरावीक उत्तर नाही. मधला थर काचांना एकमेकींवर घसरू देत असेल तर दोन्ही मिळून एकसंध ७.६ मिमी काचेइतक्याच ताठ होतात. थर पूर्ण कडक असेल तर एकत्र जाडी १३ मिमीच्या आसपास जाते. प्रत्यक्ष जाडी या दोहोंच्या मध्ये, थराच्या कर्तन मॉड्युलसवर, म्हणजे घसरण्याला तो किती विरोध करतो यावर, ठरते. १२०० च्या गाळ्यासाठी, थर नरम म्हणजे ०.५ मेगापास्कल धरला तर परिणामी जाडी ९.४ मिमी, १० मेगापास्कल धरला तर १२.८ मिमी येते.

पीव्हीबी गरम झाला की नरम पडतो. पश्चिमेकडच्या उन्हात तापलेली काच आणि एसीच्या खोलीतली काच एकाच जाडीची नसते, असंच म्हणायला हवं. भार किती वेळ टिकतो यानेही फरक पडतो. तीन सेकंदांच्या झोताला तोच थर कडक वाटतो, तासभर रेलून उभ्या असलेल्या लोकांना नरम. म्हणून पुरवठादाराकडून तापमान आणि भाराचा कालावधी यांनुसार मॉड्युलसचा तक्ता घ्या. एका आकड्यावर समाधान मानू नका.

याचा सगळ्यात गंभीर परिणाम बाल्कनीच्या काचेच्या रेलिंगवर होतो. खाली शूमध्ये (धातूच्या खाचेत) धरलेली, वर मोकळी, ११०० मिमी उंच काच घ्या. आयएस ८७५ भाग २ नुसार घराच्या आतल्या बाल्कनीला आडवा भार ०.३५ किलोन्यूटन प्रतिमीटर आहे. इतर बाल्कनी आणि गच्चीच्या कठड्यांना ०.७५, आणि गर्दीच्या जागांना २.२५. फ्लॅटच्या बाल्कनीलाही मी ०.७५ च्या खाली जात नाही. गणपतीची मिरवणूक बघायला त्याच कठड्यावर घरातली माणसं आणि पाहुणे एका रांगेत रेलतात.

०.७५ ला १२ मिमीची एकेरी काच वरच्या कडेला ३३ मिमी वाकते. ताण ३४ मेगापास्कल येतो, जो टफन काच सहज पेलते. ताकदीत पास, पण ब्रिटिश मानक बीएस ६१८० ची २५ मिमीची मर्यादा ती ओलांडते. १५ मिमी काच १७ मिमीवर येते. आणि ८+८ लॅमिनेटेड? मधला थर काहीच काम करत नसेल तर ५६ मिमी, पूर्ण काम करत असेल तर ११ मिमी. उन्हाळ्याच्या दुपारी साध्या पीव्हीबीचं रेलिंग यातल्या कोणत्या टोकाजवळ असेल, हे सांगायची गरज नाही.

तरीही रेलिंगला एकेरी टफन काच मी कधीच सुचवत नाही. ती फुटली की क्षणात कठडाच नाहीसा होतो. लॅमिनेटेडच घ्या, आयनोप्लास्टसारखा कडक मधला थर घ्या आणि वरून सगळ्या काचांना जोडणारा हँडरेल लावा. हँडरेलमुळे भार शेजारच्या काचांवर वाटला जातो आणि एक काच गेली तरी माणूस अडतो. शूच्या पट्टीचे बोल्ट सैल असतील तर त्यांच्या फिरण्याने वरच्या कडेला काचेच्या वाकण्याएवढंच अंतर सहज पडतं, म्हणून तेही डिफ्लेक्शनमध्येच मोजा.

पायरी ८: दुहेरी काच आणि घाट

डीजीयूमध्ये, म्हणजे सीलबंद दुहेरी काचेच्या युनिटमध्ये, दोन काचा वाऱ्याचा भार ढोबळमानाने जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाटून घेतात. ६+६ मध्ये निम्मा-निम्मा, ८+६ मध्ये सुमारे ७० आणि ३० टक्के. हा भाग सोपा आहे.

अवघड भाग पोकळीत बंद झालेल्या हवेचा. बाहेरचा हवेचा दाब उंचीनुसार दर मीटरला सुमारे १२ पास्कलने घटतो. समुद्रसपाटीजवळ सील केलेलं युनिट पुण्यात, म्हणजे सुमारे ५६० मीटरवर नेलं, तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा ६.७ किलोपास्कलने जास्त. महाबळेश्वरात, १३५० मीटरच्या आसपास, तो १६ किलोपास्कलवर जातो. वाऱ्याच्या १.६ शी ताडून पाहा. तापमानाने आणखी भर पडते: दर अंशाला ०.३४ किलोपास्कल.

मोठी पातळ काच हे सहज निभावते. पुण्यात १२ मिमीची पोकळी सरासरी ०.८ मिमीने फुगली की दाब बहुतांशी सुटतो. गोची लहान, जाड, अरुंद युनिटची असते. ३०० मिमी रुंदीची काच फुगायला तयार नसते, मग तो सगळा दाब काचेवर आणि कडेच्या सीलवर बसतो. डोंगरातल्या बंगल्यासाठी ऑर्डर देताना कारखान्याला साइटची उंची लेखी कळवा. उपाय त्यांच्याकडे असतो: केशनलिकेतून दाब समान करून घेणं, किंवा सील करतानाच दाब जुळवणं.

कडेला लवचिकता नसली तर काय होतं, याचं मोठं उदाहरण बोस्टनमधल्या ६० मजली जॉन हॅनकॉक टॉवरचं आहे. १९७० च्या दशकात तिथल्या दुहेरी काचा रस्त्यावर पडू लागल्या. काच आणि स्पेसर (दोन काचांमधली कडेची पट्टी) यांना जोडणारा सोल्डरचा सांधा इतका ताठ होता की वारा आणि तापमानाची हालचाल तो सामावून घेऊ शकला नाही. ताण काचेतच गेला. शेवटी सगळ्या १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या.

पायरी ९: इमारत स्वतः हलते

काचेवरचा भार नेहमी वाऱ्याचाच असतो असं नाही. वरची तुळई कालांतराने खाली बसते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या कोडनुसार पार्टिशन आणि फिनिशिंग झाल्यानंतरची वाक गाळ्याच्या ३५० व्या भागापेक्षा किंवा २० मिमीपेक्षा जास्त नको. ६ मीटरच्या तुळईला हे १७ मिमी होतात. एवढी हालचाल कोड मान्य करतो, म्हणून वरच्या चौकटीत तेवढी सरकायला जागा हवी. मी अनेक शोरूममध्ये काच वर सिलिकॉनने ठासून बसवलेली पाहतो. तिथे स्लॅबचा भार काचेवर यायला लागतो आणि दोष काचेच्या दर्जाला दिला जातो.

भूकंपात मजला आडवा सरकतो. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडची मर्यादा मजल्याच्या उंचीच्या ०.००४ पट, म्हणजे ३ मीटरला १२ मिमी. चौकटीत काचेभोवती चारही बाजूंना ६ मिमी मोकळी जागा असली, तर आपली १२०० × १८०० ची काच सुमारे ३० मिमीपर्यंत चौकटीचं तिरकं होणं सहन करते, कारण ती आत थोडी फिरू शकते. हीच जागा काच खाली सेटिंग ब्लॉकवर (काचेखालच्या रबरी ठोकळ्यांवर) नीट बसवली तरच राहते. थेट अ‍ॅल्युमिनियमवर टेकवलेल्या काचेला ही सवलत मिळत नाही.

पायरी १०: मोजून बघा

मोठ्या कामात नमुना खिडकीची चाचणी करूनच घ्या. दाबाच्या पेटीत बसवून भार देतात आणि डायल गेजने वाक मोजतात. गेज कुठे लावले आहेत हे स्वतः बघा: एक मधोमध, आणि एकेक आधाराच्या दोन्ही कडांवर. मधल्या आकड्यातून कडांची सरासरी वजा केली की काचेचं खरं डिफ्लेक्शन मिळतं. कडांचे आकडे म्हणजे चौकट किती हलली. या दोन गोष्टी अहवालात वेगवेगळ्या लिहून मागा, कारण पहिली काचेच्या पुरवठादाराची जबाबदारी आहे आणि दुसरी फॅब्रिकेटरची.

ड्रॉइंगवर काचेच्या नावापुढे फक्त "६ मिमी टफन" लिहू नका. डिझाइन दाब किलोपास्कलमध्ये, आधाराच्या बाजू, कमाल डिफ्लेक्शन मिमीमध्ये, मधल्या थराचा प्रकार आणि कोणत्या तापमानाला त्याचा मॉड्युलस धरला ते, वरची आणि बाजूची मोकळी जागा, आणि डीजीयू असेल तर साइटची उंची: एवढं लिहिलं की कोटेशन मागवताना तीन पुरवठादारांचे भाव एकाच काचेसाठी आले आहेत की तीन वेगळ्या काचांसाठी, हे लगेच कळतं.